वाळूत ट्रिपमीटर रोडबुकाच्या पुढे पळतो : माझा अनुभव

जैसलमेरकडच्या वाळवंटी रॅलीत आमच्या जिप्सीचा ट्रिपमीटर (कापलेलं अंतर दाखवणारा मीटर) डांबरावर बरोबर चालायचा, पण वाळू लागली की दहा किलोमीटरमागे दोन-तीनशे मीटर जास्त दाखवायचा. मी नॅव्हिगेटर, म्हणजे रोडबुक (वळणं, खुणा आणि त्यांची अंतरं दिलेली वही) बघून ड्रायव्हरला वाट सांगायचं काम माझं, त्यामुळे हुकलेल्या प्रत्येक वळणाचे बोल माझ्याच वाट्याला.

चाकाचे फेरे मोजणारा सेन्सर बदलला, वायरिंग नवी केली, डांबरावर पुन्हा कॅलिब्रेशन केलं, म्हणजे मीटर खऱ्या अंतराशी जुळवून घेतला. फरक तसाच.

कारणं दोन निघाली. वाळूसाठी हवा कमी केली की टायर दबतो आणि एका फेऱ्यात कमी अंतर कापतो. शिवाय फोर व्हीलमध्ये (चारही चाकांना जोर असताना) पुढची चाकंही जागच्या जागी फिरतात, आणि सेन्सर पुढच्याच चाकाला.

आधी टायर थंड असताना हवा स्टेजला (रॅलीतल्या वेळ मोजल्या जाणाऱ्या टप्प्याला) ठेवणार तेवढीच करा (आम्ही १८ पीएसआय). गाडीत दोघं बसा, टाकी भरलेली, स्टेपनी जागेवर. मग आयोजकांनी दिलेलं कॅलिब्रेशनचं अंतर टू व्हीलमध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर), सावकाश चालवा. १० किलोमीटरला १०.१५ दिसलं, तर मीटरमधल्या चाकाच्या परिघाला १०.१५ ने भागून १० ने गुणा. परिघाऐवजी किलोमीटरमागे पल्स (सेन्सरकडून येणारे ठोके) टाकायचे असतील तर उलट.

चाकं घसरल्याचा फरक मात्र याने जात नाही. तो वाटेतच काढायचा. विहीर, कुंपण, पक्का फाटा दिसला की ड्रायव्हरने मोठ्याने सांगायचं, नॅव्हिगेटरने लगेच रोडबुकातला आकडा मीटरवर बसवायचा. टिब्ब्यांत (वाळूच्या टेकड्यांत) आकडा भरला म्हणून वळू नका. खूण बहुतेक वेळा अजून पुढेच असते.