आवडता जॅझ अल्बम मित्रांना ऐकवायचा कसा

जॅझवेडे चार जण भेटले की प्रत्येक जण वीस-वीस अल्बमची यादी पाठवतो आणि त्यातलं कोणीच काही ऐकत नाही. म्हणून माझा पहिला नियम, एका वेळी एकच अल्बम आणि त्याचीही एकच साइड. एलपीची, म्हणजे मोठ्या तबकडीची, एक साइड साधारण वीस-पंचवीस मिनिटांची, तेवढा वेळ कोणीही जागचं न हलता मनापासून ऐकू शकतं. आमच्याकडे महिन्यातून एका रविवारी पाच-सहा जण जमतात, ज्याची पाळी त्याने अल्बम आणायचा.

आता निवडायचा कसा, तर समोरच्याचा कान आधी कशावर तयार झालाय ते बघायचं. तबला ऐकणारं कोणी असेल तर पियानोवादक डेव्ह ब्रूबेकचा १९५९ चा 'टाइम आउट' आणा, पहिल्या साइडच्या शेवटी 'टेक फाइव्ह' आहे, पाच मात्रांचं, एक दोन तीन, एक दोन असं बोटांवर मोजत ऐका, आणि मधे ड्रमर जो मोरेलोचा ड्रम सोलो सुरू होतो तेव्हा ब्रूबेकच्या पियानोकडे कान द्या. तो तीच छोटीशी ओळ वाजवत राहतो, सोलो तबल्याला लेहरा धरतात ना, अगदी तसं. माझ्या तबला शिकणाऱ्या मैत्रिणीला हे एवढंच सांगितलं होतं, तिने लगेच उठून तोच ट्रॅक परत लावला.

जुन्या हिंदी गाण्यांचे शौकीन असतील तर थेट अमेरिकेत जायचीही गरज नाही. सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या 'अलबेला'पासून सुरुवात करा. त्या काळात मुंबईत ट्रम्पेट गाजवणारे गोव्याचे चिक चॉकलेट सी. रामचंद्रांबरोबर काम करायचे आणि लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग (अमेरिकेतला नामांकित जॅझ ट्रम्पेटवादक) म्हणायचे. मग पाठोपाठ खऱ्या आर्मस्ट्राँगचं १९२८ चं 'वेस्ट एंड ब्लूज' लावा. सुरुवातीला एकटा ट्रम्पेट वाजतो ते काही सेकंदच, पण ते ऐकल्यावर काका-मावशी लोकही सरसावून बसतात, मी पाहिलंय.

लावायच्या आधी बोलायचं, पण फार नाही. दोनच गोष्टी सांगा, त्या रेकॉर्डिंगमागचं काहीतरी आणि नेमकं काय ऐकायचं ते. उदाहरणार्थ पियानोवादक बिल इव्हान्सचा 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड', न्यूयॉर्कच्या एका छोट्या क्लबमध्ये २५ जून १९६१ ला रेकॉर्ड झाला, आणि त्यात बास (उभं धरून वाजवायचं मोठं, खालच्या सुरांचं तंतुवाद्य) वाजवणारा स्कॉट लाफारो त्यानंतर ११ दिवसांनी कार अपघातात गेला, फक्त २५ वर्षांचा होता. हे सांगून झालं की म्हणा, आता बास ऐका, तो मागे राहून नुसता ताल धरत नाही, पियानोशी बोलतो. मधेमधे ग्लास वाजतात, लोकांची कुजबुज येते, तीही ऐका. मला तर ती कुजबुज ऐकून दर वेळी गलबलून येतं.

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' अल्बमचं तसंच. 'सो व्हॉट'मध्ये बास विचारतो आणि बाकीची वाद्यं दोनच सुरांत उत्तर देतात एवढं दाखवून द्या, मग सोलोंचा क्रम सांगा, आधी माइल्स, मग कोल्ट्रेन, मग कॅननबॉल ॲडर्ली (दोघेही सॅक्सोफोनवर), मग बिल इव्हान्स. ख्याल ऐकणाऱ्यांना बंदिशीचा मुखडा आणि मग विस्तार असं सांगितलं की चटकन कळतं.

सुरू झाल्यावर मात्र कोणीच बोलायचं नाही, तुम्ही तर अजिबात नाही. "आता ऐक, आता येतंय" हे सगळ्यात वाईट, समोरचा ऐकायचं सोडून तुमच्याकडे बघत बसतो. जपानमध्ये जॅझ किस्सा म्हणून कॅफे असतात, जुन्या कित्येक ठिकाणी गप्पा मारायला मनाई, आणि चालू असलेल्या रेकॉर्डचं कव्हर सगळ्यांना दिसेल असं ठेवतात. आम्ही ते उचललंय, कव्हर मधोमध टेबलावर. मोबाइलवरून लावत असाल तर शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणं) बंद, नोटिफिकेशन बंद, आणि फोनच्या स्पीकरवर नको, त्यात बास ऐकूच येत नाही.

संपल्यावर मिनिटभर शांत बसा. मग "कसं वाटलं" असं विचारू नका, त्याला उत्तर "छान" एवढंच येतं. "तुझं लक्ष कुठल्या वाद्याकडे होतं" असं विचारा, गप्पा आपोआप रंगतात. कोणाला नाही आवडलं तर पटवत बसू नका. फ्री जॅझचं (ठरलेली चाल-ताल न पाळता वाजवलेल्या जॅझचं) पहिल्यांदा बऱ्याच जणांना असं होतं, चार महिन्यांनी परत लावून बघा.

रेकॉर्ड घरी न्यायला दिली तर वहीत तारीख टाकून ठेवा आणि सांगा की कडेनेच धरायची, उभीच ठेवायची, गाडीत उन्हात सोडायची नाही. माझी एक अशीच वाकून परत आली, आता ती नुसती भिंतीवर लावलीये.