कूलर किती गार करेल, ते आधी मोजा

कूलर घेण्याआधी किंवा त्याच्यावर चिडण्याआधी साधा काचेचा थर्मामीटर घ्या (तापाचा नको, खोलीचा). आधी कोरडं तापमान टिपून ठेवा. मग त्याच्या फुग्याला मलमलीची स्वच्छ चिंधी गुंडाळा, खोलीतल्याच पाण्याने ओली करा आणि पंख्यासमोर धरा. पारा उतरत जाऊन एका जागी थांबेल. तो थांबेपर्यंत चिंधी वाळू देऊ नका. हा आकडा म्हणजे वेट बल्ब तापमान. कूलरची हवा त्याखाली जात नाही.

दोन्ही आकड्यांतला फरक काढा. चांगल्या जाळीचा कूलर त्यातला साधारण 80 टक्के फरक भरून काढतो. नागपुरात मे महिन्यात 42 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असेल, तर वेट बल्ब 24 च्या आसपास येतो, म्हणजे कूलरमधून 28 अंशांची हवा मिळते. मुंबईत 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेला वेट बल्बच 28 असतो. तिथे जेमतेम चार अंश उतरतात आणि खोली दमट होते ती वेगळीच. तिथे कूलर घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टाकीत बर्फ टाकूनही फारसा फरक पडत नाही. एक किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता घेतो, तर एक किलो पाणी वाफ होताना सुमारे 2,400. त्यापेक्षा समोरची खिडकी उघडी ठेवा, ओलसर हवा बाहेर जाऊ द्या.