शॅलॉटपासून कॅमेलॉट किती ओळी?

रावेरकडं आमच्या केळीला रात्रीची लाइन असली की मळ्यातल्या खोलीवर एकट्यानं जागावं लागतं. बाहेरून इंग्रजीत एम. ए. केलं, त्याचा निम्मा अभ्यास तिथलाच. ‘व्हिक्टोरियन कथाकाव्यातलं एकटेपण’ (म्हणजे इंग्लंडात राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या, गोष्ट सांगणाऱ्या कवितांतलं) या प्रश्नाला गाईडात तयार उत्तर होतं: शहरं वाढली, श्रद्धा डळमळली, माणूस एकटा पडला. खोटं नाही, पण ते लिहायला कविता वाचावीच लागत नाही. आता गल्लीतली पोरं हाच प्रश्न घेऊन येतात, तेव्हा मी त्यांना आधी वही काढायला लावतो.

‘एकटा’ हा शब्द शोधू नका. माणूस कुठं उभा आहे आणि बाकीची माणसं त्याच्यापासून किती लांब आहेत, ते मोजा. इंग्रज कवी टेनिसनची ‘द लेडी ऑफ शॅलॉट’ घ्या, १८४२ ची सुधारलेली. शॅलॉट बेटावरच्या बुरुजात एक बाई एकटी राहते; नदीकाठचं गाव कॅमेलॉट, तिकडं थेट बघितलं तर तिला शाप आहे. कडवं नऊ ओळींचं. दर कडव्यातल्या पाचव्या आणि नवव्या ओळीचा शेवटचा शब्द लिहून काढा. बहुतेक ठिकाणी पाचवीला कॅमेलॉट, नववीला शॅलॉट. गाव तिकडं, ती इकडं, मधे तीन ओळी. बाजाराला जाणाऱ्या पोरी, नवं लग्न झालेलं जोडपं, सगळं ती आरशात बघते आणि मागावर विणते. तिसऱ्या भागाच्या पहिल्याच कडव्यात पाचव्या ओळीला, कॅमेलॉटच्या जागी, घोड्यावरचा सरदार लान्सलॉट येतो. चौथ्या कडव्यात तो थेट नवव्या ओळीला, तिच्या जागेवर. पुढच्याच कडव्यात ती थेट बघते आणि आरसा तडकतो. मला हे तिसऱ्या वाचनात दिसलं. लाइन गेली होती, मोटार बंद, करायला दुसरं काही नव्हतं.

मग आवाज टिपा. टेनिसनचीच ‘मारियाना’ १८३० ची, म्हणजे राणी व्हिक्टोरिया गादीवर यायच्या सात वर्षं आधीची, आणि गोष्ट अशी तिच्यात फारशी नाहीच, तरी वाचा. पडक्या घरात एकटी मारियाना तिच्या माणसाची वाट बघते. लाकडी भिंतीमागं उंदीर चिरकतो, काचेवर माशी गुणगुणते, घड्याळ टिकटिकतं. दुसरं माणूस बोलत असतं तर यातलं काही ऐकू आलं नसतं. मळ्यात राहिलेल्याला हे समजवावं लागत नाही. पालुपदावरही लक्ष ठेवा. आखाजीला झोक्यावरच्या गाण्यात धृपद फिरून फिरून आलं की आपले कान सैल पडतात, तसे इथंही पडतात. सहा कडवी ती म्हणते, तो येत नाही. सातव्यात म्हणते, तो येणार नाही.

टेनिसनचीच ‘इनॉक आर्डन’ (१८६४), एका खलाशाची गोष्ट, लांब आहे, कंटाळा येईल. पोरं बेटावरचा भाग उतरवून आणतात: जहाज फुटलं, सोबतचे दोघं मेले, हा एकटा उरला. तिथं तर कुणीही एकटाच असणार! त्या बेटावरही त्याच्या कानात गावच्या चर्चच्या घंटा वाजतात, म्हणजे गाव अजून त्याचंच आहे. खरी जागा पुढं आहे. परत आल्यावर तो फिलिपच्या घरामागच्या बागेत झाडाआड उभा राहतो; फिलिप त्याचा लहानपणचा सोबती, इनॉक मेला असं समजून त्याच्या बायकोनं आता याच्याशी लग्न केलंय. आत उजेड, शेगडीची ऊब, त्याची बायको, त्याची वाढलेली पोरं, आणि फिलिपच्या मांडीवर बाळ. अंतर काही पावलांचं. हाक मारली तर ऐकू जाईल.

तो मारत नाही. पायाखालची खडी वाजू नये म्हणून हलकेच वळतो, चक्कर येऊन पडू नये म्हणून भिंत चाचपत फाटकापर्यंत येतो, आणि आजाऱ्याच्या खोलीचं दार लावावं तसं फाटक हलकेच लावतो. उत्तर लिहायला या ओळीपासून सुरुवात करा.