स्तनाच्या कॅन्सरनंतर मुतखडा झाला, तर मैत्रिणींची मदत कशी घ्यावी

स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईच्या कमरेत कळ आली की तिच्या मनात मुतखडा येत नाही. मनात येतं ते एकच, 'हाडात उतरला का?' माझंही तसंच झालं. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन सगळं उरकलेलं, कॅन्सर परतू नये म्हणून रोजची लेट्रोझोलची गोळी चालू, आणि एका पहाटे डाव्या बरगडीखालून कळ निघाली ती थेट जांघेपर्यंत गेली. मालक म्हणत होते गॅस असेल. मी फोन केला अक्कलकोटच्या मावशींना. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात रेडिएशनच्या रांगेत आमची ओळख झाली होती, आणि त्यांना आधी दोनदा मुतखडा झालेला होता.

मावशी 'काही नसतं गं, घाबरू नको' असं म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कळ लाटेसारखी येते-जाते का? एका कुशीवर पडून राहवतंय का? ताप आहे का? लघवी कशी होतेय?" पुढे स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बायकांच्या आमच्या गटातल्या बऱ्याच जणींनी मला हेच विचारण्यासाठी फोन केले, म्हणून हे प्रश्न नीट उलगडून सांगते.

मुतखड्याची कळ चढते, ओसरते, पुन्हा चढते. माणूस एका जागी बसू शकत नाही, येरझाऱ्या घालतो, उलटी येते, लघवीला सारखं जावंसं वाटतं, कधी लघवी लालसर होते. हाडाचं दुखणं बहुतेक वेळा एका जागी ठाण मांडून बसतं, रात्री आणि हालचालीने वाढतं, आठवडेच्या आठवडे राहतं. ही ओळख फक्त कुठल्या दारात आधी जायचं ते ठरवायला. निदान तपासणीनेच होतं. पण तीन गोष्टी दिसल्या तर फोनवर बोलत बसू नका, त्याच घटकेला निघा. एक, ताप १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त, थंडी वाजून येणं. अडकलेल्या खड्याच्या वर लघवी तुंबून त्यात जंतू झाले तर जिवावर बेततं, आणि केमोमुळे पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतील तर आणखीच. दोन, लघवी अजिबात न होणं. तीन, पायांतली ताकद जाणं, बसायच्या जागेला बधिरपणा येणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणं. हे तिसरं मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आल्याचं लक्षण असू शकतं, तिथे तासाचाही उशीर करायचा नाही. गाडी नसेल तर १०८.

लाल रंगाबद्दल एक सांगायचं राहील. ज्यांना लाल केमो चालू आहे, म्हणजे डॉक्सोरुबिसिन किंवा एपिरुबिसिन, त्यांची लघवी औषधानंतर एक-दोन दिवस लाल-केशरी होते. ते रक्त नसतं. मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशीही लाल असेल, किंवा सोबत कळ असेल, तर केमोवर ढकलून गप्प राहू नका.

सोबत कोणाला न्यायचं

घरच्या माणसाला न्याच, पण जमलं तर आपल्यातली एक जणही सोबत न्या. कारण सांगते. कळेने बेजार झालेल्या बाईला बोलता येत नाही, आणि घरच्या पुरुषांना बहुतेकदा 'हिचं कॅन्सरचं ऑपरेशन झालंय' एवढंच ठाऊक असतं. कुठल्या बाजूचं, काखेतल्या गाठी काढल्या का, कुठली गोळी चालू आहे, शेवटची केमो कधी झाली, हे आपल्यातलीला विचारावं लागत नाही. माझ्या वेळी मोहोळच्या शिक्षिका ताई आल्या होत्या. नर्स माझ्या उजव्या हाताला सुई लावायला आली तशी ताईंनी सांगितलं, "सिस्टर, या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्यात. सुई नि बीपी डाव्या हाताला घ्या." हाताला सूज येऊ नये म्हणून आम्हाला पहिल्यापासून हेच शिकवलेलं आहे. मी त्या वेळी हात कुठला हेही सांगायच्या स्थितीत नव्हते.

आता आमच्या गटातल्या प्रत्येकीच्या पर्समध्ये एक दुमडलेला कागद असतो. तुम्हीही आजच करा. त्यावर लिहायचं: कॅन्सर कुठल्या बाजूचा, कोणता हात वाचवायचा, पोर्ट (केमोसाठी कातडीखाली बसवलेली डबी) आहे का, चालू औषधं, शेवटच्या केमोची तारीख, हाडं बळकट ठेवायला देतात ते झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्याची तारीख, शेवटचं क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा रक्तातला आकडा), हृदयाच्या इकोचा निकाल, कशाची अ‍ॅलर्जी, आणि कॅन्सरच्या डॉक्टरांचा नंबर. मी शिवणकाम करते, म्हणून प्रत्येकीसाठी त्या कागदापुरती कापडी थैली शिवून दिली. आपण शस्त्रक्रियेनंतर ब्रेसियरमध्ये घालायचे सुती पॅड शिवतो, त्याच्याच उरलेल्या कापडातून.

कागदाची खरी गरज वेदनेच्या इंजेक्शनाच्या वेळी लागते. मुतखड्यावर डायक्लोफेनॅक चांगलं लागू पडतं आणि बहुतेक ठिकाणी तेच आधी देतात. पण केमोमुळे प्लेटलेट कमी असतील, किडनीचं काम मंदावलेलं असेल किंवा मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध चालू असेल, तर ते धोक्याचं ठरू शकतं आणि डॉक्टर दुसरं औषध निवडतात. त्यांना माहीतच नसेल तर ते निवडणार कसं? म्हणून कॅन्सरची गोष्ट लपवू नका. लोक काय म्हणतील, या भीतीने कॅज्युअल्टीत कॅन्सर न सांगणाऱ्या बायका मी पाहिल्यात, आणि माझा जीव तुटतो.

तपासणीत आधी सोनोग्राफी होते. खडा नक्की कुठे आणि केवढा, हे सर्वांत चांगलं कळतं ते रंगाचं औषध न देता केलेल्या सीटी केयूबीमध्ये, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंतच्या सीटी स्कॅनमध्ये. त्या फॉर्मवर 'स्तनाच्या कॅन्सरचा इतिहास' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्याच चित्रात कमरेचे मणके आणि ओटीपोटाची हाडंही येतात, आणि पाहणाऱ्याला सांगितलेलं असलं तर तो तिथेही नीट नजर टाकतो. मोहोळच्या ताईंनी हे आठवणीने करून घेतलं. रिपोर्टमध्ये खड्याच्या खाली हाडांत काही नसल्याची ओळ वाचली, तेव्हा मी कळेसकट रडले.

खडा पडेपर्यंतचे दिवस

५ मिलिमीटरपर्यंतचा खडा बहुतेक वेळा आपोआप पडतो, त्याला काही आठवडे लागू शकतात. १० मिलिमीटरच्या वरचा सहसा काढावाच लागतो. माझा ६ मिलिमीटरचा, मूत्रनळीच्या खालच्या टोकाशी होता. टॅमसुलोसिन दिलं. ती नळी सैल करणारी गोळी आहे, आणि तिने रक्तदाब उतरून उठताना चक्कर येऊ शकते. अंथरुणातून उठताना आधी बसा, मग उभ्या राहा. आपली हाडं आधीच ठिसूळ झालेली असतात, पडणं परवडणारं नाही.

या दिवसांत मैत्रिणींनी काय करायचं? मला सर्वांत उपयोगी पडलं ते पाणी. खडा पुन्हा होऊ नये म्हणून दिवसाला अडीच लिटर लघवी व्हावी इतकं पाणी लागतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार असताना, आणि लेट्रोझोल किंवा टॅमॉक्सिफेन या कॅन्सरच्या गोळ्यांमुळे अंगातून गरम वाफा येऊन घामाने भिजत असताना, तीन लिटर पिऊनही पुरत नाही. एकटीने हे निभत नाही. आम्ही तिघींनी ठरवलं, फोन वाजला की दोघींनी तिथल्या तिथे पेला भरून प्यायचा, मग बोलायचं. एक पेला झोपताना, रात्री लघवीला उठलं की आणखी एक. पहिले काही दिवस जुन्या मापाच्या जगमध्ये लघवी मोजून वहीत लिहा, अंदाज येतो. रंग फिकट हवा. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेत असाल तर लघवी गडद पिवळी होते, तेव्हा रंगावर जाऊ नका. आणि एक अट: ट्रॅस्टुझुमॅब हे कॅन्सरचं इंजेक्शन किंवा लाल केमो यांनंतर ज्यांच्या हृदयाचं पंपिंग कमी झालंय, त्यांनी पाणी किती प्यायचं हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.

बायका पाणी का पीत नाहीत, तर बाहेर जायला जागा नसते. मी दुकानात मशीनवर बसले की संध्याकाळपर्यंत घोटभरच पाणी प्यायचे, कारण त्या ओळीत बायकांसाठी स्वच्छतागृहच नाही. मुतखड्याच्या कितीतरी दुखण्यांची मुळं अशा बाजारात आहेत, असं माझं ठाम मत आहे. नवी पेठेत गटातल्या एकीच्या भावाचं दुकान आहे, तिने त्यांच्या मागच्या घराचं दार आम्हाला मोकळं केलं. तुमच्या गटातही विचारा, कोणाचं घर, कोणाचं दुकान कुठे आहे. ही यादी औषधाइतकी कामाची.

लघवी गाळून घ्या. चहाची एक वेगळी बारीक गाळणी त्यासाठीच ठेवा. खडा वाळूच्या कणाएवढा दिसला तरी कोरड्या डबीत ठेवून तपासायला द्या.

जेवणाचं पथ्य प्रत्येक जण वेगळं सांगतो. सर्वांत घातक सल्ला म्हणजे 'दूध-दही आणि कॅल्शियम बंद कर'. खाण्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला, म्हणजे खडा बनवणाऱ्या क्षाराला, धरून ठेवतं, म्हणून दूध-दही बंद केलं तर खडे वाढू शकतात. शिवाय लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल हाडं झिजवतात, आपल्याला कॅल्शियम लागतंच. गोळ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. अमेरिकेत पाळी गेलेल्या ३६ हजारांवर बायकांचा विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह हा अभ्यास झाला. २००६ साली आलेल्या निकालांत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मुतखडे १७ टक्के जास्त दिसले. म्हणून गोळी स्वतःच्या मनाने सोडायची नाही, पण उपाशीपोटीही घ्यायची नाही. जेवणासोबत घ्या, आणि सायट्रेट प्रकारची चालेल का ते विचारा. ६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी किती आठवडे लिहून दिली होती ते चिठ्ठीवर बघा. आमच्यातली एक जण आठ आठवड्यांची पुडी दोन वर्षं दर रविवारी घेत होती, कारण तिला थांबा असं कोणी सांगितलंच नव्हतं.

मीठ कमी करा, कारण मिठाबरोबर लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. पापड, लोणचं, फरसाण. पालक, अळू, बीट, बदाम, तीळ यांत ऑक्झलेट भरपूर, ते अधूनमधून आणि दह्यासोबत. शेंगाची चटणी सोडा असं सोलापूरकरणीला सांगणं मला जमणार नाही, पण ताटात चिमूटभर, आणि भाकरीसोबत ताक असू द्या. लिंबूपाणी रोज, मीठ न घालता. केमोने तोंड आलेलं असेल तेव्हा लिंबू नको, झोंबतं.

हुलग्याचं माडगं किंवा कढण आवडत असेल तर अन्न म्हणून खुशाल खा. पण कोणा मैत्रिणीच्या नणंदेला गुण आला म्हणून पानफुटीचा रस, नाव नसलेली पावडर किंवा स्टार फ्रूटचा रस घेऊ नका. स्टार फ्रूट कमजोर किडनीला सरळ विषासारखं आहे. आमच्या गटाचा नियम आहे: अनुभव द्यायचा, वेळ द्यायचा, डबा द्यायचा, गोळी द्यायची नाही. स्वतःची उरलेली वेदनाशामक गोळीसुद्धा नाही.

दुर्बिणीने काढावा लागला तर

भूल देण्याआधी टॅमॉक्सिफेन चालू आहे हे सांगाच, कारण तिने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. पांढऱ्या पेशींचा आकडा ताजा हवा. केमो चालू असेल तर मूत्ररोगतज्ज्ञ आणि कॅन्सरचे डॉक्टर यांचं एकमेकांशी बोलणं व्हायलाच हवं. ते आपोआप होईल असं धरू नका, मैत्रिणीला त्या एकाच कामावर बसवा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्ररोगाच्या शस्त्रक्रियाही आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

आत डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रनळी मोकळी ठेवणारी बारीक नळी, ठेवला असेल तर लघवी करताना कुशीत दुखणं, सारखं लागणं, थोडं लाल जाणं हे होतं. आपल्याला त्याची धास्ती जास्त बसते, म्हणून आधी स्टेंट असलेल्या एकीशी बोलून ठेवा. आणि तो काढायची तारीख निदान दोघींच्या फोनमध्ये टाका. विसरलेल्या स्टेंटवरच नवे खडे चढतात आणि मग तो काढणं मोठं काम होऊन बसतं. केमोच्या तारखांच्या गर्दीत हे विसरणं फार सोपं आहे.

माझ्यावर ती वेळ आली नाही, खडा गाळणीत सापडला. तो कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. तो रिपोर्ट घेऊन मी कॅन्सरच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन आणि २४ तासांच्या लघवीची तपासणी सांगितली, कॅल्शियमची गोळी सायट्रेटची करून दुपारच्या जेवणासोबत घ्यायला लावली, आणि झोलेड्रॉनिकच्या पुढच्या इंजेक्शनाआधी क्रिएटिनिन पुन्हा बघू म्हणाले. लेट्रोझोल तशीच चालू आहे. तुमचा खडा सापडला असेल तर पुढच्या फॉलोअपला हे सगळे मुद्दे कागदावर लिहून न्या, आणि शक्य असेल तर सोबत तीच मैत्रीण न्या जी त्या दिवशी होती.