वाइल्डकॅट काडतूस घेण्याआधी
अमेरिकेत हरणाच्या किंवा एल्कच्या शिकारीसाठी वाइल्डकॅट काडतूस, म्हणजे कंपनी बनवत नाही असं, एखाद्या मूळ काडतुसाचं कवच बदलून घडवलेलं काडतूस घ्यायचं मनात आहे? आधी एवढंच बघा: प्रवासात गोळ्यांची पेटी हरवली, तर जवळच्या दुकानात काय मिळेल? अस्सल वाइल्डकॅट असेल तर काहीच नाही. म्हणून मूळ काडतूसही चालेल असंच निवडा. उदाहरणार्थ, .२८० ॲक्ली इम्प्रूव्हड हे .२८० रेमिंग्टनवरून बनलेलं, मुळात वाइल्डकॅट असलेलं काडतूस. त्याच्या नीट कापलेल्या चेंबरमध्ये (बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेत) साधं .२८० रेमिंग्टन झाडता येतं. वेग थोडा कमी, इतकंच. (.२५-०६ हे जुनं वाइल्डकॅट तर १९६९ मध्येच रेमिंग्टन कंपनीचं झालं. ते सरळ दुकानातून घ्या, उगाच हौस कशाला!) आणि हो, वाइल्डकॅटच्या बुडावरचा शिक्का बहुधा मूळ काडतुसाचाच असतो. तेव्हा डबीवर खरं नाव ठळक लिहा, नळीवरही तेच कोरून घ्या.