आपल्या फादरबद्दल, पास्टरबद्दल, सायबाबद्दल कोणी वाकडं बोललं तर काय करायचं

२०२४ च्या ऑक्टोबरात, जुन्या गोव्यातलं आमच्या सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांचं, शवप्रदर्शन तोंडावर आलेलं असताना सायबाच्या डीएनए टेस्टची मागणी झाली आणि सगळा गोवा पेटला, तेव्हाची गोष्ट. म्हापशाला बाजारात आम्ही ऑफिसातली मंडळी भाजीपाव खात होतो आणि आमचे एक दादा म्हणाले, तुमच्या सायबानंच इन्क्विझिशन, ते धर्माच्या नावानं शिक्षा देणारं कोर्ट, आणलं ना गं? माझ्या तोंडावर आलेलं, की जुनी मढी कशाला उकरताय. पण आवंढा गिळला आणि विचारलं, दादा, हे तुम्हाला का टोचतंय? तर ते म्हणाले, आमची कुलदेवता शांतादुर्गा मूळची केळशीची, पोर्तुगीजांच्या भीतीनं कवळ्याला न्यावी लागली, आमचे आजोबा सांगायचे.

म्हणजे बघा, त्यांच्या घरातलं दुखणं होतं ते. म्हणून पहिलं काम हेच, उत्तर द्यायच्या आधी एक प्रश्न विचारायचा आणि समोरचा बोलेपर्यंत खरंच गप्प बसायचं.

मग खरं असेल ते आधी कबूल करायचं, आपल्या सोयीचं नंतर. मी दादांना सांगितलं, फ्रान्सिस झेवियर १५४२ ला गोव्यात आले आणि १५४६ ला त्यांनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशन मागितलं, हे खरं आहे. ते वारले १५५२ ला, चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर, आणि इथं ते कोर्ट सुरू झालं १५६० ला, म्हणजे ते चालवलं त्यांनी नाही. हेच मी उलट्या क्रमानं सांगितलं असतं ना, तर दादांना वाटलं असतं ही पत्र लपवतेय. संत होता म्हणून त्याची मागणी बरोबर ठरत नाही, आणि हे म्हटल्यानं माझी नोव्हेनाही, सायबाची नऊ दिवसांची प्रार्थना, चुकत नाही.

नुसती शिवीगाळ करणारा असेल तर त्याच्याशी वाद घालू नका, स्क्रीनशॉट ठेवा, फारच झालं तर पोलिसात द्या, पण रस्त्यावर हात उचलायचा नाही.

आता खरा अवघड भाग. टीका जिवंत माणसावर असते, आपल्याच पास्टरवर, फादरवर, आणि करणारी बाई आपल्याच प्रार्थनेच्या ग्रुपमधली असते. तेव्हा लगेच कोणीतरी म्हणतं, माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका असं स्तोत्र १०५ मध्ये लिहिलंय. अहो, ते स्तोत्र नीट वाचा, तिथं देव राजांना दटावतोय, आपल्या परदेशी भटकणाऱ्या माणसांना छळू नका म्हणून, म्हणजे बाजू दुबळ्याची आहे. आणि अभिषिक्त म्हणून दावीदानं शौल राजावर हात उचलला नाही हे खरं, पण गुहेतून बाहेर येऊन, शौलाच्याच झग्याचा कापलेला तुकडा हातात धरून, त्याला सगळ्यांसमोर जाब विचारलाच की. दोन-तीन साक्षीदारांशिवाय वडिलांवरचा, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यावरचा, आरोप घेऊ नको असं पौल तीमथ्याला सांगतो, तेही लोक अर्धंच वाचतात, पुढच्याच ओळीत पाप करणाऱ्यांना सगळ्यांदेखत दोष लाव असं आहे.

ख्रिस्ती प्रचारक रवी झकरायस आठवतात? केवढं नाव, आमच्या घरी सुद्धा त्यांची भाषणं ऐकायचे. २०१७ ला एका बाईनं तक्रार केली तर लोकांनी तिलाच खोटी ठरवली. ते २०२० मध्ये वारले आणि २०२१ च्या फेब्रुवारीत त्यांच्याच संस्थेनं नेमलेल्या तपासात अनेक बायकांशी केलेलं गैरवर्तन बाहेर आलं.

त्यामुळे अशी बाई आली तर "फादर असं करणारच नाहीत" हे वाक्य गिळा. म्हणा, सांग, मी ऐकतेय. तारीख, जागा, मेसेज तिच्याच शब्दात लिहून ठेवायला मदत करा. "चल, त्यांच्यासमोर बसून मिटवू" असं चुकूनही करू नका, आणि माफ कर म्हणून प्रार्थनेला बसवू नका. मूल असेल तर विचारच करायचा नाही, पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला फोन लावा, चर्चची कमिटी काय ते नंतर बघेल. आरोप खोटा निघू शकतो, हो, पण ते तपासातून निघू दे, तुमच्या चिडण्यातून नाही.

आणि आधीच चुकीची बाजू घेऊन बसला असाल तर जाऊन तसं सांगा. आमच्या ग्रुपमधली एक बाई पास्टरनी घेतलेल्या पैशांबद्दल बोलली होती, सगळ्यांनी तिला गप्प केलं आणि मी खाली मान घालून बसले. तिनं येणंच सोडलं. मागच्या महिन्यात फोन केला, म्हटलं ताई, मी तेव्हा बोलायला हवं होतं, चुकलं माझं. ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, पावत्या अजून आहेत माझ्याकडे, बघायच्यात का तुला? रविवारी जातेय.