डिझायनर पर्सचं बजेट ठरवताना या चुका टाळा

पर्स आधी आवडते आणि बजेट मागाहून ठरतं, तिथेच बहुतेकांचं गणित फसतं. पर्स खांद्याला लावून आरशासमोर उभं राहिल्यावर "एवढे परवडतील का?" असं स्वतःला विचारलं, की उत्तर हमखास "ओढूनताणून जमेल" असंच येतं. म्हणून आकडा घरी बसून काढावा, कागदावर लिहावा आणि मॉडेल त्यानंतर शोधावं.

पगारावरून आकडा काढणं

"एका पगाराइतकी पर्स घ्यायला हरकत नाही" असले ठोकताळे निरुपयोगी आहेत. ९०,००० पगारात आईवडिलांच्या घरी राहणारी आणि त्याच पगारात ठाण्यात गृहकर्जाचा हप्ता भरणारी, या दोघींची पर्स एका किमतीची असूच शकत नाही. हिशोब शिलकीवरून करा. समजा हातात ९०,००० येतात आणि हप्ता किंवा भाडं, किराणा, प्रवास, विमा, एसआयपी, घरी पाठवायचे पैसे जाऊन १८,००० उरतात. अशा तीन महिन्यांची शिल्लक, म्हणजे ५४,०००, ही वरची हद्द. त्यातले पाचेक हजार देखभालीला बाजूला ठेवले की पर्ससाठी ४९,००० राहतात. पैसे जमेपर्यंत थांबण्याचा एक फायदाही आहे: तीन महिन्यांनी तीच पर्स हवीशी वाटते का, ते आपोआप कळतं. पुष्कळदा दुसऱ्याच महिन्यात हौस ओसरते.

क्रेडिट कार्डावर घेऊन पैसे थकवले, तर बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाला चाळीस टक्क्यांच्या पुढे. 'नो कॉस्ट ईएमआय' पूर्ण फुकट नसतो. व्याजाइतकी सूट किमतीत दाखवतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते. रोख भरल्यावर मिळणारी सूट असेल तर तीही हुकते. हप्त्याने घ्यावी लागते आहे म्हणजे ती अजून बजेटात बसलेली नाही, एवढं समजावं.

टॅगवरच्या आकड्यालाच किंमत समजणं

सगळ्यात मोठा फटका इथे बसतो, विशेषतः "पॅरिसला स्वस्त मिळते" या समजुतीमुळे. तिथे टॅगवर कमी आकडा असतो हे खरं. पण पर्स मुंबईच्या घरात येईपर्यंतचा हिशोब मांडून पाहा.

समजा पर्स १,५०० युरोंची आहे आणि सोयीसाठी युरो १०० रुपयांचा धरू. टॅगवर झाले १,५०,०००. फ्रान्समध्ये २० टक्के व्हॅट किमतीतच धरलेला असतो. एका दुकानातली खरेदी १०० युरोंच्या वर असली तर युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या ग्राहकाला तो परत मागता येतो, पण परतावा करणारी कंपनी आपला वाटा कापते आणि हातात साधारण १२ टक्के पडतात. म्हणजे १८,००० वजा. कार्डावर परदेशी चलनाचा अधिभार ३.५ टक्के असेल, तर ५,२५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९४५, मिळून ६,१९५ अधिक. आता कस्टम्स. २०१६ च्या बॅगेज नियमांत परतणाऱ्या प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतची सूट आणि त्यापुढच्या रकमेवर ३८.५ टक्के शुल्क होतं. त्या दराने एक लाखावर ३८,५००. एकूण बेरीज १,७६,६९५. सूट आणि दर सरकार बदलत असतं, म्हणून प्रवासाच्या आठवड्यात कस्टम्सच्या संकेतस्थळावरून चालू आकडे घेऊन हेच गणित पुन्हा करा आणि मगच भारतातल्या दुकानाच्या किमतीशी तुलना करा. फरक चारपाच हजारांचाच निघाला, तर वांद्र्याच्या किंवा लोअर परळच्या दुकानातून घेतलेली बरी. बदलून घ्यायला किंवा दुरुस्तीला तिथे परत जाता येतं.

या गणितात नेहमी चुकणाऱ्या गोष्टी अशा:

नवरा-बायको दोघं आहेत म्हणून दोघांची सूट एकाच पर्सवर जोडता येत नाही. सूट माणशी असते.

कार्डाचं यंत्र "रुपयांत घेऊ की युरोंत?" असं विचारतं, तेव्हा युरो निवडा. रुपये निवडले की दुकानाकडचा चढा विनिमय दर लागतो.

व्हॅटचा फॉर्म विमानतळावर बॅगा चेक-इन करण्याआधी स्कॅन करायचा असतो, कारण अधिकारी वस्तू दाखवायला सांगू शकतो. पॅरिसहून फ्रँकफर्टमार्गे मुंबईला येणार असाल आणि पर्स हातातल्या बॅगेत असेल, तर शिक्का युरोपीय संघातल्या शेवटच्या विमानतळावर, म्हणजे फ्रँकफर्टला, घ्यावा लागतो.

जर्मनीत नोकरी करणाऱ्या भावाच्या नावावर बिल केलं तर व्हॅट परत मिळत नाही, कारण तो तिथला रहिवासी आहे. पासपोर्ट आणि बिल दोन्ही आपल्या नावाचं हवं.

लंडनच्या दुकानातून पर्यटक म्हणून स्वतः उचलून आणलेल्या पर्सवर १ जानेवारी २०२१ पासून परतावाच नाही. जुन्या माहितीवर विसंबून तिथे खरेदी ठेवू नका.

टॅग काढून पर्स खांद्याला लावली की शुल्क चुकतं, हाही एक लाडका समज. व्हॅट परत मागितल्याचे कागद त्याच पर्समध्ये असतात, हे लोक विसरतात. सापडल्यावर जप्ती आणि दंड दोन्ही होऊ शकतात. विमानतळावर शुल्क भरायचा माल असलेल्यांसाठीच्या लाल मार्गिकेतून जाऊन शुल्क भरा, पावती घ्या आणि जपून ठेवा. पुढच्या परदेशवारीला तीच पर्स नेलीत तर परतताना ती पावती कामी येते.

भारतात घेताना हे सगळं टळतं. कातडी पर्सवरचा १८ टक्के जीएसटी छापील किमतीतच असतो. फक्त किंमत दहा लाखांपलीकडे गेली, तर २२ एप्रिल २०२५ पासून हँडबॅगवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने बिलातच वसूल करायचा प्राप्तिकर, लागतो. तो पूर्ण रकमेवर असतो: १२ लाखांच्या पर्सला १२,०००. प्राप्तिकर विवरणपत्रात ही रक्कम वळती होते, तेव्हा पॅन बरोबर दिलाय ना, ते पाहा.

नावाचे किती आणि वस्तूचे किती, हे न पाहणं

महाग म्हणजे उत्तम कातडं, असं सरसकट धरू नका. लुई व्हिताँचा प्रसिद्ध मोनोग्राम कॅनव्हास म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेलं सुती कापड आहे. ते टिकतं छान, पण कातडं नव्हे. २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयापुढे आलेल्या तपासात असं नोंदलं गेलं, की दुकानात २,६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या दिओरच्या एका पर्सच्या जुळणीसाठी पुरवठादाराला ५३ युरो मिळत होते. कच्चा माल, डिझाइन, जाहिरात, दुकानाचं भाडं हे त्यात नव्हतं, हे मान्य. तरीही टॅगचा आकडा आणि शिवणकामाचा खर्च यांचं नातं किती पातळ आहे, ते दिसतं.

उपाय सोपा आहे. हव्या असलेल्या पर्सच्याच आकाराची, तशाच कातड्याची, मोठं नाव नसलेली पर्स शोधा. धारावीतल्या दुकानांत किंवा १९७८ साली पाँडिचेरीत सुरू झालेल्या हायडिझाइनसारख्या देशी ब्रँडकडे ती सापडेल. समजा ती ९,००० ला मिळाली आणि मनातली ४८,००० ची आहे. मधले ३९,००० नाव, डिझाइन आणि मिरवण्याचे. हे पैसे द्यायला काहीच हरकत नाही, मिरवायलाच तर घ्यायची असते. पण "३९,००० देऊन मला हे नाव हवंय" हे वाक्य मोठ्याने म्हणता आलं पाहिजे.

नाव असो वा नसो, दुकानात हे तपासा: टाके समान अंतरावर आणि सरळ रेषेत आहेत का, कडांवरचा रंगाचा लेप एकसारखा आहे की फुगे आलेत, पट्टा जिथे जोडलाय तिथे दुहेरी शिवण आहे का, आणि झिप कोपऱ्यावर अडते का. ती दहा वेळा उघडझाप करून पाहा, विक्रेत्याला कंटाळा आला तरी.

वापराचा आशावादी हिशोब

किंमत भागिले वापराचे दिवस, हे गणित आता सगळ्यांना ठाऊक आहे. फसवणूक होते ती खालच्या आकड्यात. "रोज वापरेन" म्हणून ३६५ ने भागलं की कुठलीही पर्स स्वस्त होते. गेल्या वर्षी घेतलेली पर्स प्रत्यक्षात किती दिवस बाहेर निघाली ते आठवा आणि तोच आकडा धरा. ४८,००० ची पर्स आठवड्यातून दोनदा, तीन वर्षं वापरली तर वापर सुमारे ३०० वेळा आणि दर खेपेला १६० रुपये. तीच फक्त लग्नसमारंभांना, वर्षाला आठ वेळा निघाली, तर तीन वर्षांत २४ वेळा आणि दर खेपेला २,०००.

वापर का कमी होतो, याची कारणं अगदी क्षुल्लक असतात. रिकामी पर्स एक किलोची असेल तर डबा, पाण्याची बाटली, चार्जर घालून ती तीन किलोंवर जाते आणि महिन्याभरात कपाटात बसते. वरून झिप नसलेली टोट, म्हणजे उघड्या तोंडाची मोठी पर्स, लोकलच्या गर्दीत नेववत नाही. हातात धरायचा छोटा पट्टा खांद्यावर चढत नाही. खांद्यासाठी पट्ट्याचा झोळ, म्हणजे पट्ट्याच्या टोकापासून पर्सच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर, २२ ते २५ सेंटीमीटर हवा. ६.७ इंची फोन उंचीला सुमारे १६ सेंटीमीटर असतो, आणि कित्येक मिनी पर्समध्ये तो मावतच नाही. दुकानात जाताना रोजचं सामान पिशवीतून न्या आणि पर्समध्ये भरून पाच मिनिटं चाला. फिकट रंगाला नव्या जीन्सचा निळा रंग लागतो, आणि सॅनिटायझर कातड्याचा वरचा थर उतरवतो. रोजच्या वापराला गडद रंग आणि सफियानोसारखं दाणेदार, कडक पृष्ठभागाचं कातडं परवडतं. मऊ मेंढीच्या कातड्यावर नखाचासुद्धा ओरखडा उठतो.

पावसाळा बजेटात न धरणं

युरोपातल्या हवेसाठी बनलेली वस्तू कोकणात किंवा मुंबईत चार महिने ओल खात असते. बंद कपाटातल्या कातड्यावर बुरशी धरते. पीयू, म्हणजे कृत्रिम कातड्याचं तर याहून वाईट: दमट हवेत त्याचं रासायनिक विघटन होतं आणि पर्स न वापरतासुद्धा काही वर्षांत पापुद्रे सुटतात. बाहेरून कातडं आणि आतून पीयूचं अस्तर असेल तर अस्तर चिकट होतं, आणि अस्तर बदलणं हे महागडं काम. म्हणून ३०,००० च्या पर्सच्या लेबलवर 'पीयू' दिसलं तर तेवढे पैसे घालू नका. व्हिताँच्या काही पर्सचे पट्टे बिनप्रक्रियेच्या फिक्या कातड्याचे असतात; त्यांवर पावसाचा थेंब पडला की डाग कायमचा.

पर्स प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. जुन्या सुती साडीचा धुतलेला तुकडा उत्तम. आत कोरा कागद भरा, वर्तमानपत्राची शाई अस्तराला लागते. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ओल शोषून भरल्या की बदला. आठवड्यातून एकदा पर्स तासभर पंख्याखाली, उन्हात नव्हे.

"ही तर गुंतवणूक आहे"

गायिका-अभिनेत्री जेन बर्किनसाठी एर्मेस या ब्रँडने बनवलेली मूळ 'बर्किन' पर्स जुलै २०२५ मध्ये पॅरिसमध्ये सदबीजच्या लिलावात सुमारे ८६ लाख युरोंना गेली, आणि तेव्हापासून ही सबब आणखी जोरात ऐकू येते. शनेलची मध्यम आकाराची 'क्लासिक फ्लॅप' पर्स २०२४ मध्ये युरोपात १०,००० युरोंच्या वर गेली, हेही खरं. पण ही नव्या पर्सची किंमत वाढली. जुनी विकताना तुम्हाला काय मिळतं ते वेगळं गणित आहे, आणि मोजकी मॉडेल्स सोडली तर ते तोट्याचंच असतं. समजा ६०,००० ची पर्स दोन वर्षांनी ३०,००० ला विकली गेली आणि मध्यस्थाने २५ टक्के घेतले: हातात २२,५००. बजेट ठरवताना विक्रीमूल्य शून्य धरा.

वापरलेली पर्स घेणं मात्र शहाणपणाचं ठरू शकतं, कारण तोटा पहिल्या मालकिणीने सोसलेला असतो. फोटो मागताना चारही कोपरे, पट्टा जोडल्याची जागा, झिपची पट्टी आणि आतला ठसा जवळून मागा. वास विचारा, बुरशीचा वास जात नाही. आतला कोड पाहून "अस्सल आहे" म्हणू नका. व्हिताँचा जुना कोड कारखाना आणि बनवल्याचा काळ सांगायचा, आणि नकली बनवणारेही तो छापतात. २०२१ मध्ये कंपनीने तो बंद करून चिप बसवायला सुरुवात केली. मूळ बिल नसेल तर तपासणी करून लेखी हमी देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या.

आउटलेट, म्हणजे ब्रँडच्या सवलतीच्या दुकानांबद्दल थोडकं: काही ब्रँड आउटलेटसाठी वेगळा, हलका माल बनवतात. '७० टक्के सूट' दिसली की हे मॉडेल मुख्य दुकानात कधी होतं का, एवढं विचारा.

पैसे आधीच जास्त गेले असतील तर

बदलण्याची मुदत बिलामागे छापलेली असते, ती आजच वाचा. तोवर टॅग, संरक्षक फिल्म, खोका काहीही काढू नका. घरात फरशीवर ठेवून फोटोही नको, तळाला ओरखडे येतात. मुदत संपली असेल आणि कार्डाचं बिल थकत असेल, तर पर्स न वापरता लगेच विकणं परवडतं. पहिल्या ओरखड्यानंतर किंमत झपाट्याने उतरते, आणि तिकडे कार्डाचं व्याज चालूच राहतं. विकताना खोका, कापडी पिशवी, बिल आणि शुल्काची पावती सोबत असेल तर भाव वधारतो, म्हणून हे सगळं पहिल्या दिवसापासून एका जागी ठेवा. बिलाचा फोटोही काढून ठेवा. दुकानांतल्या थर्मल कागदावरचा मजकूर काळाने पुसट होतो.